कुणी धुतलं, कुणी शिवलं

वाकळ.
सुती कापड, हातशिलाई. नागपूर, १९९३.
शिवणारी: घरकाम करणारी एक बाई.
नाव: माहीत नाही.

भिंतीवरच्या पाटीवर एवढ्या चारच ओळी. पहिल्या तीन खऱ्या होत्या. चौथी खोटी होती, आणि ती नरेशच्या तोंडून आली होती. जे नाव त्याला माहीत नव्हतं ते त्याच्या शाळेच्या दाखल्यावर होतं, पासपोर्टच्या शेवटच्या पानावर छापलेलं होतं, आणि तो पासपोर्ट सिंगापुरात पाया लेबारच्या त्याच्या फ्लॅटमध्ये टेबलाच्या खणात पडला होता.

हे कसं झालं ते आधी सांगायला हवं.

*

मार्च २००७. घानाच्या किनाऱ्यावरच्या केप कोस्टची एक चित्रकार, अराबा ओटू, तीन महिन्यांसाठी सिंगापूरला आली होती. चित्रकार म्हणायचं, पण रंगाला ती हात लावत नसे. जुने कपडे उसवायचे, फाडायचे आणि त्यांचे तुकडे जोडून भिंतीएवढं चित्र शिवायचं, हे तिचं काम. आजोबा शिंपी. गावातल्या मिरवणुकांचे झेंडे शिवायचे. तिच्या लहानपणी बंदरावर परदेशातल्या वापरलेल्या कपड्यांचे गठ्ठे उतरायचे आणि सगळं गाव तेच घालायचं. मग आपलं म्हणायचं ते कापड कोणतं, आणि त्या कापडातली आपण कोण, हा प्रश्न तिच्या मागे लागला तो लागलाच.

इथे तिला परगावाहून आलेल्या माणसांचे कपडे हवे होते. प्रत्येकाने घरून आणलेलं एकच कापड द्यायचं आणि तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. कुणी नेसलं? कुणी धुतलं? कुणी शिवलं?

तिला मराठी मंडळींत आणलं नीलिमाने. नीलिमा रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर. बारा वर्षं सिंगापुरात, आता नागरिकच. गणपती असो की कुणाच्या मुलाची मुंज, फोन फिरवायचं काम तिचं. तिच्या काँडोच्या फंक्शन रूममध्ये आठजण गोल करून बसले. मध्ये छोटा टेपरेकॉर्डर. अराबासाठी बोलणं इंग्रजीत, अधूनमधून मराठी.

नीलिमाने आजीचं इरकली लुगडं आणलं होतं. कुणी नेसलं, आजीने. कुणी धुतलं?

“आता हे काय विचारणं झालं,” नीलिमा हसली. “कामवालीने.”

“तिचं नाव?”

“बापरे. कोण होती बरं आमच्याकडे तेव्हा?” तिने नवऱ्याकडे पाहिलं, जणू तो तिच्या माहेरी राहिला होता.

“आमच्याकडे तर सगळ्यांना नुसतं बाईच म्हणायचे,” मंडळींतला संजीव म्हणाला. तो अकाउंटंट. वडिलांचं धोतर घेऊन आला होता. “एक गेली की दुसरी बाई. सोपं पडायचं.”

सगळे हसले. नरेशही हसला.

मग त्याची पाळी आली. नरेश एकतीस वर्षांचा, एका संशोधन संस्थेत इंजिनिअर, एकटा राहणारा. वर्षभरापूर्वी त्याला या घोळक्यात नीलिमानेच ओढलं होतं. त्याच्या इथल्या नोकरीच्या पासवर आडनाव लागलंच नव्हतं. नरेश शिवदास, म्हणजे स्वतःचं नाव आणि बापाचं नाव. सिंगापुरात तमिळ लोकांची नावं अशीच असतात, त्यामुळे ऑफिसात कुणी विचारलं नाही. मराठी लोकांनी मात्र विचारलं होतं.

“शिवदास म्हणजे नक्की कुठले हो?”

“नागपूरचे.”

“नाही, म्हणजे मूळचे?”

“मूळचेही नागपूरचेच.”

तेवढ्यावर त्याने भागवलं होतं. कुणी काही समज करून घेतला तर घेऊ दिला होता.

त्याने पिशवीतून वाकळ काढली. घरचं म्हणून त्याच्याकडे तेवढं एकच कापड होतं. नीलिमाने पुढे होऊन टाक्यांवरून बोट फिरवलं. “अय्या, किती बारीक टाके. मशीनसारखे. कुणी शिवली हो?”

तो गोल, ती माणसं, ते नुकतंच विरलेलं हसू. त्यातल्या कुणी त्याला उठवून लावलं नसतं. उलट फार चांगले वागले असते. “केवढ्या कष्टातून वर आलात,” म्हणाले असते आणि पुढच्या गणपतीला त्याला स्टेजवर बोलावलं असतं. त्याला ते नको होतं. त्याला फक्त त्या हसण्यात बसून राहायचं होतं.

“आमच्याकडे एक बाई होत्या कामाला,” तो म्हणाला.

*

आणि मग तो बोलतच सुटला. गंमत अशी की त्याने फारसं काही रचलं नाही.

बाई सकाळी सहाला यायच्या. (खरं. नागपुरात धंतोलीतल्या एका बंगल्यावर त्याची आई सहाच्या ठोक्याला पोचायची.)

मागच्या दाराने यायच्या. (खरं.)

त्यांचा चहाचा कप वेगळा असायचा, न्हाणीच्या खिडकीत पालथा ठेवलेला. (खरं. कान तुटलेला, निळ्या फुलांचा.)

माझी आई त्यांना जुन्या साड्या द्यायची. (साड्या खऱ्या. देणारी त्याची आई नव्हे. ती सुचित्राबाई, बंगल्याची मालकीण, श्रीनिवासची आई. श्रीनिवास नरेशच्याच वयाचा. नरेशने त्या दुपारी त्याचं सगळं लहानपण अंगावर चढवलं. झोपाळा, सायकल, शिकवणीचे मास्तर. कुठेही तंग झालं नाही.)

त्यांना एक मुलगा होता. कधीकधी त्यांच्याबरोबर यायचा आणि मागच्या पायरीवर बसून अभ्यास करायचा. (खरं.)

“त्या मुलाचं पुढे काय झालं?” अराबाने विचारलं.

“माहीत नाही,” नरेश म्हणाला.

“आणि बाईंचं नाव?”

“तेही नाही.”

अराबाने टेपरेकॉर्डर बंद केला. मग म्हणाली, “माझी पणजी विकत आणलेली होती. उत्तरेकडून, एका व्यापाऱ्याच्या घरी. तिच्या मुलांना घराण्याचं नाव मिळालं. तिला नाही. आमच्याकडे कोण कुठून आलं हे बोलायचं नसतं. घराण्याच्या पेटीत प्रत्येक कापड कुणाचं ते सांगता येतं, एक सोडून. जाडंभरडं, पट्ट्यापट्ट्यांचं. ते तिचं. तिचं नाव कुणी जपून ठेवलं नाही.”

तिने नरेशचा हात हातात घेतला. “आज इथे त्या बाईकडे नीट पाहिलं होतं ते तुम्ही एकट्यानेच. तुम्हाला तिचा कप आठवतो.”

नीलिमाचे डोळे भरून आले. नरेशला वाटलं, आपण कपडे न घालता बसलो आहोत आणि हे कुणाच्या लक्षातच येत नाहीये.

*

खोटं बोललं की ते तिथंच पडून राहील अशी त्याची समजूत होती. पण अराबाला जे वर्षानुवर्षं सापडत नव्हतं ते त्या दुपारी सापडलं. तिने सगळं काम नव्याने मांडलं. मध्यभागी वाकळ, भोवती ज्यांना आपल्या कामवाल्यांची नावं आठवली नाहीत त्यांची कापडं. नाव नसलेल्या बायकांसाठी.

एप्रिलमध्ये मंडळी तिला पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला घेऊन गेली. चांगीच्या धक्क्यावर होडीवाला म्हातारा बारा माणसं झाल्याशिवाय होडी सोडत नाही. हे अकरा होते.

“वन मोर, लाह,” म्हणून त्याने पेपर उघडला.

नरेश आणि अराबा बाकावर एका टोकाला बसले होते. आता सांगावं, नरेशने ठरवलं. वाक्यही जुळवलं. तेवढ्यात तीच म्हणाली, “मी वाकळ एका बाजूने उसवली. आत काय निघालं असेल?”

“काय?”

“पांढरी साडी. अख्खी. न फाडलेली. वरून सगळे रंगीत तुकडे आणि आत हे. असं अस्तर कुणी लावतं का?”

नरेशला ठाऊक होतं. त्यांच्याकडच्या बायका सगळ्यात जपायचं कापड वर कधी लावत नसत. वर लोकांनी दिलेलं, आत आपलं. ते पांढरं लुगडं त्याच्या आजीने, आईच्या आईने, छप्पन साली नागपूरला दीक्षेच्या दिवशी नेसलं होतं. मैदानात नजर पोचेल तिथवर पांढरी माणसं, आणि त्यात मायचं बोट धरून बारा वर्षांची कमल, नरेशची आई. त्या दिवशी घरी येऊन तिने मायला विचारलं होतं, आता आपण कोण? आणि माय म्हणाली होती, आता आपण माणसं. हे नरेशने शंभर वेळा ऐकलं होतं. तो पुण्याला हॉस्टेलला निघाला तेव्हा आईने ते लुगडं आत घालून वाकळ शिवली. तो पोहोचल्या दिवशीच त्याने ती चादरीखाली अंथरली आणि चार वर्षं तिच्यावर झोपला, पण अभय नावाच्या खोलीतल्या जोडीदाराला कधी दिसू दिली नाही.

“असेल कुठलंतरी जुनेर,” तो म्हणाला.

बारावा माणूस आला, सायकल घेऊन. होडी सुटली.

*

मेच्या पहिल्या आठवड्यात आई आली. कमलाबाई, वय त्रेसष्ट, पहिल्यांदाच विमानात. येताना मिरच्यांचं लोणचं, सरकीचं तेल आणि कस्टमवाल्यांनी उघडून पाहिलेला ज्वारीच्या पिठाचा डबा. तिसऱ्या दिवशी विचारलं, “वाकय कुठी हाये रे?”

“एका प्रदर्शनात लावली आहे. एका चित्रकार बाईंनी मागितली.”

“माही वाकय? भिंतीवर?” त्यांनी तोंडाला पदर लावला. “आन लोकं येऊन पाह्यतीन? धुतली तरी होती का?”

दुसऱ्या दिवशी नीलिमाचा फोन आला तो नेमका कमलाबाईंनी उचलला. नरेश आंघोळ करून येईतो दोघींचं ठरूनही गेलं होतं. “अहो नरेश, आई आल्यात आणि तुम्ही बोलला नाहीत,” नीलिमा म्हणाली. “शनिवारी चारला उद्घाटनाला त्यांना आणायचंच. त्यांच्या घरचीच तर गोष्ट आहे.”

त्या तीन दिवसांत नरेशने काय केलं? काही नाही. आईला बरं नाही म्हणून सांगायचं ठरवलं, ते केलं नाही. अराबाला फोन लावला आणि पहिल्या रिंगला ठेवून दिला. शुक्रवारी संध्याकाळी आईने मोरपंखी साडी इस्त्री करून खुर्चीवर टाकली. ती खुर्ची टाळून तो घरात फिरत राहिला.

*

दालनात शिरल्याबरोबर कमलाबाई थांबल्या. बारा फुटी भिंत. इरकलीचे तुकडे, धोतराचे, त्या पट्टेदार आफ्रिकी कापडाचे, आणि मधोमध पंख उघडावा तशी उघडलेली त्यांची वाकळ. तिच्या पोटातून पांढरं लुगडं बाहेर ओढून जमिनीपर्यंत सोडलं होतं.

“उसवली,” त्या हळूच म्हणाल्या. मग जवळ गेल्या. “माह्या मायचं लुगडं हाये थे.”

“या, काकू,” मागून नीलिमा आली. तिने वाकून नमस्कार केला. “चेहरा अगदी तुमचाच घेतलाय हो नरेशने. आणि ही पाहिलीत का? तुमच्याकडे त्या कामाला होत्या ना, त्यांनी शिवलेली. सगळ्या प्रदर्शनाचा जीव आहे. नरेशने इतकं छान सांगितलं त्यांच्याबद्दल. त्या मागच्या दाराने यायच्या, त्यांचा कप वेगळा असायचा. आम्हाला तर रडूच आलं. फक्त नाव तेवढं त्याला आठवत नाही. तुम्हाला आठवत असेल ना?”

अराबाही येऊन उभी राहिली. नीलिमाने तिला इंग्रजीत सांगितलं, या नरेशच्या आई, यांना नक्की माहीत असणार. अराबाने दोन्ही हात छातीवर जोडले.

कमलाबाईंनी नरेशकडे पाहिलं. रागाने नाही. शाळेत पाढा म्हणताना पोरगं अडलं तर आई जशी पाहते, ओठ जरा हलवून, की आता येईल, आता आठवेल.

नरेशला समोरच्या भिंतीवरचा आग विझवायच्या नळकांड्याचा लाल रंग दिसत होता. बाकी काही दिसत नव्हतं.

कमलाबाईंनी पुष्कळ वाट पाहिली. मग नीलिमाकडे वळून म्हणाल्या, “सुचित्रा.”

“सुचित्रा? कामवालीचं नाव सुचित्रा?” नीलिमाला हसू आलं. “छान आहे की.”

अराबाने खिशातून मार्कर काढला आणि नरेशपुढे धरला. “स्पेलिंग तुम्हाला माहीत असेल. तुम्हीच लिहा.”

त्याने ‘माहीत नाही’ वर काट मारली आणि लिहिलं. अक्षर चांगलं आलं. भोवतालच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

*

परतताना एमआरटीच्या गाडीत बसायला जागा मिळाली. दोन स्टेशनं गेली.

“तू तिच्या घरचा पोट्टा झाला,” कमलाबाई म्हणाल्या. “मंग मी तिले भांडे घासाले लावलं.” आणि हसल्या. अगदी मनापासून, खांदे हलवत. समोरची चिनी बाईही उगाच हसली.

हसून झाल्यावर त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. “मी थांबली होती नरेश. तुले दिसलं नाही का? मी लय वेळ थांबली.”

“दिसलं.”

“मंग?”

पाया लेबार आलं. उठताना तो त्यांना हात द्यायला गेला, पण त्यांनी दांडी धरली.

*

सोमवारी अर्धी रजा टाकून तो दालनात गेला. अराबा एकटीच होती, जमिनीवर बसून दोरे गुंडाळत. त्याने उभ्याउभ्याच सांगितलं. सगळं, पहिल्या वाक्यापासून.

ती मध्ये एकदाच बोलली. “पायरीवरचा मुलगा?”

“मी.”

दोरा गुंडाळून झाला तरी तिची बोटं फिरत राहिली. “माझ्याकडे नाव नव्हतं म्हणून मी रडले,” ती म्हणाली. “उद्घाटनाला, चाळीस माणसांसमोर रडले. तुमच्याकडे होतं.”

“मी पाटी बदलायला आलोय.”

“नाही. पाटी बदलली की तुम्ही सुटाल. जे काल आले ते आज येणार नाहीत, जे आज येतील त्यांना काल काय होतं ते कळणार नाही.” ती उठली. “शनिवारी माझं बोलणं आहे, लोकांसमोर. तुमच्या त्या गोलातले सगळे येणार आहेत. मी बोलणार नाही, तुम्ही बोला. आईला आणा. मग त्या सांगतील ते नाव मी लावीन.”

“आणि मी नाही आलो तर?”

“तर ते सुचित्राचं राहील. माझ्याबरोबर जगभर फिरेल.”

घरी येऊन त्याने आईला विचारलं, येशील? त्या तांदूळ निवडत होत्या. इथल्या तांदळात खडे नसतात हे त्यांना अजून पटलं नव्हतं.

“पाहू,” म्हणाल्या.

*

शनिवारी त्या आल्या. मोरपंखी साडी नेसल्या नाहीत, घरात नेसायचीच होती अंगावर. पहिल्या रांगेत टोकाच्या खुर्चीवर बसल्या. नीलिमाने शेजारी बोलावलं तर नुसती मान हलवली.

नरेश उभा राहिला आणि इंग्रजीत बोलला. पाच दिवस घोकलेलं होतं. आपण धंतोलीच्या बंगल्यातले नव्हतो. आपण पायरीवरचे होतो. ‘डोमेस्टिक वर्कर’ म्हणाला, ‘कास्ट’ म्हणाला, ‘आय वॉज अशेम्ड’ म्हणाला. शब्द सरळ येत गेले, प्रयोगशाळेतल्या अहवालासारखे, एकाही शब्दाला कसला वास नव्हता. एका स्थानिक मुलीने डोळे पुसले. संजीव बुटांकडे पाहत होता. नीलिमा ताठ बसून पुन्हा पुन्हा मान हलवत होती, जणू तिला पहिल्यापासून माहीत होतं. सात मिनिटांत संपलं. टाळ्याही झाल्या. आपण सुटलो असं नरेशला वाटलं, आणि तसं वाटल्याचीच लाज वाटली.

“मले नाही समजलं,” टाळ्या थांबल्यावर कमलाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. “मराठीत सांग.”

नीलिमा त्यांच्याकडे झुकली. “काकू, मी सांगते ना तुम्हाला नंतर सगळं. खूप छान बोलला तो.”

“तुमी काहाले, बाई? त्याले येते न मराठी.”

अराबाला भाषा कळली नाही, पण काय चाललंय ते कळलं असावं. ती हाताची घडी घालून भिंतीला टेकली. ज्या साठ माणसांना मराठी येत नव्हती ती नम्रपणे बसून राहिली. ज्या आठांना येत होती ते आठच आता नरेशला दिसत होते.

मराठीत त्याच्याकडे घोकलेलं काही नव्हतं. ‘डोमेस्टिक वर्कर’ला कुठला शब्द घ्यायचा? पुण्यात चार वर्षं घासून गुळगुळीत केलेली त्याची भाषा होती, ‘आई’, ‘आमच्याकडे’, ‘कामाला होत्या’. ती जिभेपर्यंत आली आणि तिथंच बसली.

“ही माझी,” तो म्हणाला आणि थांबला. “ही माही माय. कमलाबाई. वाकळ हिनं शिवली. आमच्याकडे कुणी बाई नव्हती. हीच लोकांकडे होती. चार घरी भांडी घासायची, आन मी...”

“चार नाही,” कमलाबाई म्हणाल्या. “सहा घरं होते. नीट सांग.”

कुणीतरी हसायला गेलं आणि खोकलं. नीलिमाने मान खाली घातली होती आणि ती हातातल्या बांगडीकडे पाहत होती. नरेशने घोटभर पाणी घेतलं आणि पहिल्या घरापासून सांगायला सुरुवात केली.